जेएमएसमध्ये मेसेजचा प्रकार कसा निवडायचा

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामाचा स्टॉक वास्कोच्या डिस्पॅच ऑफिसला कळवणारी सिस्टीम मी सांभाळते. मध्ये आयबीएम एमक्यू, म्हणजे मेसेज रांगेत (क्यूत) ठेवून पोचवणारं सॉफ्टवेअर; आमच्या बाजूला जावा, आणि त्यातून मेसेज पाठवायला-घ्यायला जेएमएस हा जावाचा ठरलेला इंटरफेस. टीममध्ये नवीन आलेल्यांना मी आधी एवढंच विचारते: हा मेसेज पलीकडे कोण वाचणार? जावा प्रोग्रॅम, जुनं कोबोल, की कुणाचं पायथन? याचं उत्तर मिळेपर्यंत कोडला हात लावू नका.

जेएमएसमध्ये बॉडी (आतला मूळ डेटा) असलेले पाच प्रकार आहेत: टेक्स्ट, बाइट्स, मॅप, स्ट्रीम आणि ऑब्जेक्ट. शिवाय बॉडी नसलेला साधा मेसेज असतोच. ‘स्टॉक बदलला’ एवढंच कळवायचं असेल तर तो पुरतो.

शंका असेल तेव्हा टेक्स्टमेसेज घ्या आणि आत जेसन किंवा एक्सएमएल भरा. कुठल्याही भाषेतून वाचता येतो. शिवाय रात्रपाळीच्या माणसाला क्यू ब्राउझ करून मेसेज डोळ्यांनी वाचता येतो, आणि याची किंमत रात्री दोन वाजता कळते. फक्त एन्कोडिंगकडे लक्ष द्या, गोव्यात तर जास्तच. आमच्या पत्त्यांत ‘पणजी’ देवनागरीत येतं, आणि सांव जुझे द आरियल रोमन लिपीत, पोर्तुगीज खुणांसकट. यूटीएफ-८ मध्ये ‘पणजी’चे १२ बाइट होतात, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. खूण असलेलं रोमन अक्षर २ घेतं. पलीकडच्या प्रोग्रॅमने ठरावीक लांबीचं फील्ड बाइटांत मोजलं असेल, तर नाव अक्षराच्या मधोमध तुटतं. म्हणून डेस्टिनेशनवर (मेसेज ज्या क्यूत जातो तिच्या जेएमएसमधल्या सेटिंगवर) सीसीएसआयडी हा एन्कोडिंगचा क्रमांक १२०८, म्हणजे यूटीएफ-८, स्पष्ट लिहा आणि फील्डची लांबी समोरच्या टीमशी बाइटांतच ठरवा.

एमक्यूवर आणखी एक गोष्ट हमखास अडवते. जेएमएसमधून पाठवलेल्या मेसेजला पुढे आरएफएच२ हेडर, म्हणजे जेएमएसची माहिती असलेला जादा भाग, चिकटतं. कोबोल प्रोग्रॅमला त्याची अपेक्षा नसेल, तर तो हेडरलाच डेटा समजून वाचू लागतो. अशा डेस्टिनेशनवर टार्गेट क्लायंट ‘एमक्यू’ ठेवा, म्हणजे हेडर जात नाही. मग त्यातल्या तुमच्या प्रॉपर्टीजही (बॉडीबाहेर मेसेजला जोडलेली माहिती) जात नाहीत, हे लक्षात असू द्या. उलट दिशेने, आरएफएच२ नसलेला मेसेज आला की जेएमएस त्याचं फॉरमॅट फील्ड बघतं. तिथे ‘एमक्यूएसटीआर’ असेल तर टेक्स्टमेसेज मिळतो, फील्ड रिकामं असेल तर बाइट्समेसेज. ‘आम्ही टेक्स्टच पाठवलंय’ असं समोरून कितीही ठामपणे सांगितलं, तरी आधी ते फील्ड उघडून बघा.

बाइट्समेसेज पीडीएफ, फोटो किंवा ठरावीक आराखड्याच्या रेकॉर्डसाठी आहे. त्यात मजकूर लिहायला राइटयूटीएफ वापरू नका. ती मेथड मजकुराच्या आधी लांबीचे दोन बाइट घालते: ‘पणजी’ लिहा, १२ ऐवजी १४ बाइट जातात, सुरुवातीला ००, ०सी (हेक्समध्ये १२). जावाचं रीडयूटीएफ ते बरोबर ओळखतं, बाकीच्यांना तो कचरा वाटतो. शिवाय एका वेळी ६५,५३५ बाइटांची मर्यादा. त्यापेक्षा मजकुराचे यूटीएफ-८ बाइट स्वतः काढा आणि राइटबाइट्सने लिहा. लिहिलेला मेसेज पाठवण्याआधीच वाचून तपासायचा असेल, तर आधी रीसेट करा. नाहीतर वाचता येत नाही असा एक्सेप्शन येतो.

दोन्हीकडे जावा असेल आणि डेटा नाव-किंमत अशा जोड्यांचा असेल, तर मॅपमेसेज सुटसुटीत आहे. इंट भरला तर लाँग म्हणून वाचता येतो, पण लाँग भरून इंट मागितला की मेसेजफॉरमॅटएक्सेप्शन. नसलेली की गेटइंटने मागितली तर नंबरफॉरमॅटएक्सेप्शन येतो, पण गेटबूलियन गुपचूप फॉल्स देतं. ते जास्त घातक, म्हणून आधी आयटमएक्झिस्ट्स तपासा. स्ट्रीममेसेजमध्ये ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने वाचावं लागतं. मला त्याची गरज कधी पडलेली नाही.

ऑब्जेक्टमेसेज वापरू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगते. दोन्हीकडे तोच क्लास, जुळणाऱ्या आवृत्तीचा लागतो, म्हणजे दोन्ही टीम एकमेकींच्या रिलीजला बांधल्या जातात. त्याहून गंभीर म्हणजे बाहेरून आलेले बाइट जावा डीसीरियलाइझ करतं, म्हणजे त्यांचं पुन्हा ऑब्जेक्ट बनवतं, तेव्हा त्यातून नको ते कोड चालवता येतं. अ‍ॅक्टिव्हएमक्यूने (असंच दुसरं मेसेजिंग सॉफ्टवेअर) आवृत्ती ५.१२.२ आणि ५.१३.० पासून विश्वासू पॅकेजेसची यादी स्पष्ट द्यायला लावली, ती याच कारणाने. ऑब्जेक्टचं जेसन करा आणि टेक्स्टमध्ये पाठवा.

मेसेज गाळून घ्यायचे असतील तर ज्यावर गाळायचं ती गोष्ट प्रॉपर्टीत ठेवा. सिलेक्टर (मेसेज गाळायची अट) हेडर आणि प्रॉपर्टी बघतो, बॉडीत डोकावत नाही. ‘तालुका = तिसवाडी’ हे जेसनच्या पोटात असेल तर त्याला दिसणार नाही.

घेणाऱ्या कोडमध्ये थेट कास्ट करू नका, म्हणजे प्रकार गृहीत धरू नका. आधी इन्स्टन्सऑफने प्रकार तपासा, किंवा २०१३ च्या जेएमएस २.० पासून मिळालेलं इजबॉडीअसाइनेबलटू वापरा. अनोळखी प्रकार आला तर मेसेज आयडी लॉगमध्ये टाका आणि ट्रान्झॅक्शन रोलबॅक करा, म्हणजे मेसेज क्यूत परत जातो. त्याआधी क्यूवर बीओथ्रेश (किती वेळा परत आल्यावर मेसेज बाजूला काढायचा) आणि बीओक्यूनेम (तो जिथे काढायचा त्या बॅकआउट क्यूचं नाव) भरलेत ना, ते बघा. बीओथ्रेश शून्य राहिलं तर तोच मेसेज पुन्हा पुन्हा येत राहतो आणि मागचे सगळे खोळंबतात. आम्ही ३ ठेवतो. टेस्ट क्यूवर मुद्दाम चुकीच्या प्रकारचा मेसेज टाका आणि तो बॅकआउट क्यूत पोचला की मगच कोड पुढे जाऊ द्या.