पॉपअप दिसत नाही, बंद होत नाही, नको तिथे उगवतो: एलिमेंटर वापरताना या चुका टाळा

लातूरचे क्लासवाले, संभाजीनगरातले पैठणीचे दुकानदार, वेरूळ-अजिंठ्याला गाड्या लावणारे ट्रॅव्हल्सवाले, सगळ्यांना साइटवर पॉपअप, म्हणजे पानावर उघडणारी छोटी खिडकी, हवाच असतो. एलिमेंटर प्रो या वर्डप्रेस साइट बांधायच्या साधनात तो तासाभरात तयारही होतो. पण सगळा जीव रंगांत आणि 'धमाका ऑफर'च्या अक्षरांत जातो. पब्लिश करताना समोर येणाऱ्या कंडिशन्स (कोणत्या पानांवर), ट्रिगर्स (कशामुळे उघडणार) आणि अ‍ॅडव्हान्स्ड रूल्स (कोणाला, किती वेळा) या तीन टप्प्यांवर मात्र नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट होतं. पॉपअप गिऱ्हाईक आणणार की पळवणार, हे तिथेच ठरतं.

पहिली चूक म्हणजे पान उघडताक्षणी अंगावर येणारा पॉपअप. माणूस अजून फी किती, बॅच कधी हे शोधतोय आणि तुम्ही त्याचा मोबाइल नंबर मागताय! मोबाइलवर मजकूर झाकून टाकणाऱ्या अशा पॉपअपमुळे गूगलच्या शोधात पान मागे पडू शकतं. हा नियम जानेवारी २०१७ पासून लागू आहे. 'ऑन पेज लोड'ऐवजी 'ऑन स्क्रोल' घ्या आणि पान निम्मं वाचून झाल्यावर पॉपअप दाखवा. त्याहून उत्तम म्हणजे बटणाच्या लिंकला जोडलेला पॉपअप. बटण दाबणाऱ्याला पॉपअपचा राग येत नाही, कारण तो त्यानेच मागवलेला असतो.

'एक्झिट इंटेंट'वर भिस्त ठेवू नका. माउसचा बाण खिडकीबाहेर जातोय हे ओळखून तो ट्रिगर चालतो. मोबाइलला माउसच नाही, आणि आपल्याकडचं बहुतेक गिऱ्हाईक मोबाइलवरच येतं.

मोबाइलचीच आणखी एक गोष्ट. पॉपअप बंद करायची फुली बारीक किंवा पार्श्वभूमीच्या रंगात बुडालेली असेल, तर माणूस फोनचं बॅक बटण दाबतो. त्याने पॉपअप मिटत नाही, माणूस आधीच्या पानावर जातो. गूगलवरून आला असेल तर साइटच सुटली. त्यामुळे फुली मोठी आणि उठून दिसणारी हवी. बाहेर टॅप केल्यावर बंद होण्याची सोय अडवू नका. उंची 'फिट टू कंटेंट' ठेवा, नाहीतर छोट्या स्क्रीनवर सबमिटचं बटण कापलं जातं.

मराठी मजकूर असेल तर लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्य ठेवा. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये ते बहुधा वाढवलेलं असतं. त्याने शिरोरेषा तुटते आणि 'प्रवेश सुरू'चे तुकडे तुकडे दिसतात. लाइन हाइट (ओळींमधलं अंतर) कमी असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. फॉन्ट मुक्ता, हिंद असा देवनागरी असलेलाच घ्या.

कंडिशन्समध्ये 'एन्टायर साइट' निवडून मोकळं होणं हा आळस आहे. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. ही सूचना त्या-त्या सहलीच्या पानावर, बुकिंगचं बटण दाबल्यावर आली तर ती सेवा. पैठणच्या पानावर आली तर कटकट. नवरात्राची ऑफर लावताना अ‍ॅडव्हान्स्ड रूल्समधल्या 'शेड्यूल'मध्ये शेवटची तारीख टाका. संक्रांतीला तीच ऑफर झळकत असेल तर दुकान चालू आहे की नाही अशी शंका येते. 'शो अप टू' मध्ये एक-दोनदाच दाखवायची मर्यादा घाला.

आता नेहमीचा फोन: 'पॉपअप दिसतच नाही!' आधी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खाजगी) खिडकीत बघा. तुम्ही लॉगिन असता आणि 'हाइड फॉर लॉग्ड इन यूजर्स' चालू असतं. किंवा 'शो अप टू'ची मर्यादा तुमच्याच ब्राउझरने कधीच संपवलेली असते. तिथेही दिसत नसेल तर कंडिशन दिली आहे का ते तपासा. पॉपअप पब्लिश असूनही कंडिशनविना आपोआप उघडत नाही. मग कॅशे, म्हणजे पानाची साठवलेली जुनी प्रत, साफ करा. कॅशे प्लगइनमध्ये जावास्क्रिप्ट उशिरा चालवायची सोय चालू असेल तर पानाला हात लागेपर्यंत पॉपअप जागाच होत नाही, त्यामुळे ती काही वेळ बंद करून बघा. बटणाने उघडत नसेल तर लिंकच्या चौकटीत पत्ता टाइप करू नका. त्या चौकटीशेजारच्या डायनॅमिक टॅग्जमधून 'पॉपअप' निवडा. उघडला पण रूप बिघडलेलं असेल, तर एलिमेंटरच्या टूल्समधून सीएसएस (पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइल्स) पुन्हा तयार करा.

फॉर्ममध्ये नाव आणि मोबाइल नंबर पुरे. मोबाइलच्या रकान्याचा प्रकार 'टेल' ठेवा, म्हणजे फोनवर थेट आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. क्लासवाल्यांनी विशेष जपावं: अकरावी-बारावीची बहुतेक पोरं १८ वर्षांखालची असतात आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. नंबर पालकांचाच मागा. फी भरणारेही तेच असतात.

फॉर्म भरला जातो पण ईमेल येत नाही, ही तक्रार पॉपअपची नसते. वर्डप्रेसचा साधा मेल बरेचदा स्पॅममध्ये जातो. खऱ्या मेल खात्यातून ईमेल पाठवणारं एसएमटीपी प्लगइन लावा. शिवाय फॉर्मच्या 'अ‍ॅक्शन्स आफ्टर सबमिट'मध्ये 'कलेक्ट सबमिशन्स' आहे का बघा. ते असलं तर ईमेल हरवला तरी चौकशी डॅशबोर्डमध्ये जमा राहते.