स्कूटीवरून उतरवा की पोरांना : सोलापुरात शाळेला पायी-सायकलने जाणं कसं बसवायचं

आमचा मुलगा आठवीला गेला तेव्हा एक दिवस त्याची हालचाल कागदावर लिहून काढली. सकाळी स्कूटीवर शाळा, तिथं बाकावर बसणं, पीटीचा तास बऱ्याचदा दुसऱ्याच विषयाला जातो, परत स्कूटीवर घरी, जेवण, मग स्कूटीवरच ट्यूशन, रात्री अभ्यास नाहीतर मोबाईल. धाप लागेल अशी १० मिनिटं पण निघाली नाहीत हो, वाईट वाटलं बघून. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) सांगतं ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी मध्यम ते जोरदार हालचाल पाहिजे, म्हणजे श्वास वाढला पाहिजे, छाती धडधडली पाहिजे. २०१६ च्या आकड्यांप्रमाणे जगात ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढं करत नाहीत, आमचं पोरगं त्यातलंच.

मैदानावर जा म्हणून कितीही ओरडा, दहावी जवळ आली की खेळ पहिला बंद होतो. शाळा मात्र बंद होत नाही, रोज जायचं आणि रोज यायचं, म्हणून व्यायाम तिथंच घुसवायचा.

पहिलं काम म्हणजे अंतर बघा. मोबाईलच्या मॅपवर बघा, अंदाजानं नको, कारण "लांब आहे" म्हणतो ते कितीदा दीड किलोमीटरच निघतं. दीड किमी म्हणजे २० मिनिटं चालणं, भरभर चाललं पाहिजे, मित्रांबरोबर रेंगाळत गेलं तर त्याचा व्यायाम होत नाही. दोन किमीपर्यंत चालत, त्याच्या पुढं चार-पाचपर्यंत सायकल असं आम्ही धरलं. आम्ही जुळे सोलापूरला राहतो, शाळा सात रस्त्याच्या अलीकडं, साधारण तीन किमी, सायकलवर १५ मिनिटं. जाऊन येऊन अर्धा तास, म्हणजे ६० मधले ३० झाले की! ट्यूशनला पण सायकल घेतली तर अजून वाढतात. बाकीचे ३० मात्र आपोआप होत नाहीत, संध्याकाळी खेळ लागतोच, आणि आठवड्यात तीन दिवस तरी पळणं, सूर्यनमस्कार, जोर-बैठका असं हाडा-स्नायूंना ताण देणारं काही पाहिजे.

शाळा सात-आठ किमीवर असेल तर अर्ध्या रस्त्यावर सोडा, शेवटचा एक किमी चालू दे. किंवा सकाळी गाडीवर सोडा आणि येताना मैत्रिणींबरोबर चालत येऊ दे. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात मुलांच्या कमरेला हालचाल मोजायचं यंत्र बांधून अभ्यास झालाय, तिथं नुसत्या गाडीनं येणाऱ्यांपेक्षा चालत-सायकलनं येणाऱ्यांची हालचाल जास्त भरली, आणि गाडी-पायी असं मिसळून येणाऱ्यांची पण. त्यामुळं रोज जमत नाही म्हणून सोडून देऊ नका, दोन दिवस जमले तर दोन दिवस.

आता रस्ता, आईबापाचा जीव इथंच अडकतो आणि ते बरोबरच आहे. रविवारी सकाळी पोराबरोबर स्वतः सायकलवर नाहीतर चालत पूर्ण रस्ता करून बघा. विजापूर रोड, होटगी रोड टाळून आतल्या कॉलनीतनं जाता येतं का बघा, पाच मिनिटं जास्त लागली तर लागू दे. मोठा चौक आला की खाली उतरून सायकल हातात धरून ओलांडायचा, हे मी पहिले आठ दिवस रोज बजावलं. कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत येतात, त्यांच्या बाजूनं कधीच घुसायचं नाही, मागं थांबायचं. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसात होम मैदानाकडचा रस्ता विसरा, तेवढे दिवस दुसरीकडनं.

एकटं पाठवू नका शक्यतो. आमच्या गल्लीत तीन मुली आणि दोन मुलं ठरलेल्या वेळी एकत्र निघतात, मुलींच्या आया त्यामुळंच तयार झाल्या.

उन्हाचं सांगते. मार्चपासून सोलापूरचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, ४० च्या वर पारा गेला की भर दुपारी पोराला सायकलवर पाठवायचं नाही म्हणजे नाही. सकाळची शाळा असेल तर जाताना सायकल, दुपारी गाडीनं किंवा रिक्षानं आणायचं. सायकल शाळेतच कुलूप लावून राहिली तर दुसऱ्या दिवशी पोर गाडीवर जातं आणि येताना ऊन नसेल तर सायकल घेऊन येतं. टोपी, लिटरभर पाणी, निघायच्या आधी पण पाणी.

दप्तर पाठीवर घेऊन सायकल चालवली की तोल जातो आणि पाठ घामानं भिजते, कॅरिअरला रबरी पट्ट्यानं बांधा. २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांवर जायला नको, एकदा काट्यावर ठेवून बघाच. गिअरची महाग सायकल अजिबात लागत नाही, साधी घ्या पण सीट अशी लावा की पॅडल खाली गेलं तरी गुडघा किंचित वाकलेला राहील. ब्रेकचे रबर, घंटी, मागचं लाल रिफ्लेक्टर, आणि दर रविवारी हवा. दप्तराच्या छोट्या कप्प्यात पंक्चरचे पैसे ठेवा, पहिल्या महिन्यात लागतातच.

पोरगं एक दिवस म्हणेलच, बाकीचे गाडी चालवतात, मला पण द्या. तिथं ठाम राहा. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी सापडली तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या मुलाला हे एकदा बसवून नीट सांगितलं, ऐकलं त्यानं. आता सकाळी सव्वासहाला तोच शेजारच्या पोरांना हाका मारतो.