ब्रेन डेड पेशंटच्या खाटेपाशी: आयसीयूतल्या सिस्टर आणि ब्रदर्ससाठी

दुचाकीच्या अपघातात डोक्याला मार बसलेला पेशंट. व्हेंटिलेटरवर आहे, मॉनिटरवर नाडी ९२, हात गरम, लघवीची पिशवी भरतेय. आणि डॉक्टर सांगतात की हा माणूस गेलेला आहे. परिचारिकेला हे अभ्यासातून माहीत असतं, पण रोज हाताने ज्याला स्पंज केलं त्याच्या बाबतीत ते मनाला पटत नाही. अवयवदानाबद्दल नर्सिंग स्टाफची जी घालमेल होते, तिचं मूळ बहुतेक वेळा धर्मात किंवा कायद्यात नसतं, या गरम हातात असतं. म्हणून आधी तिथलंच बघू.

आधी स्वतःला पटू द्या

हृदयाचे ठोके मेंदू देत नाही. हृदयाला स्वतःची विजेची गाठ असते. ऑक्सिजन आणि रक्तदाब मिळत राहिला तर मेंदू संपल्यावरही ते काही काळ चालतं. श्वास मात्र मेंदूच्या देठातून, म्हणजे मेंदूस्तंभातून येतो. तो स्तंभ कायमचा बंद पडला की श्वास पुन्हा येत नाही. कोमातल्या पेशंटचा मेंदूस्तंभ काम करत असतो, ब्रेन डेडचा नसतो. हा फरक तुम्हाला एका वाक्यात सांगता आला पाहिजे, कारण नातेवाईक तो डॉक्टरांना नाही, तुम्हाला विचारणार आहेत.

पटण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे ॲप्निया टेस्टला, म्हणजे स्वतःचा श्वास येतो का ते बघणाऱ्या तपासणीला, खाटेपाशी उभं राहणं. दहा मिनिटं १०० टक्के ऑक्सिजन देऊन व्हेंटिलेटर काढतात, ट्यूबमधून बारीक कॅथेटर घालून मिनिटाला सुमारे ६ लिटर ऑक्सिजन चालू ठेवतात आणि ८ ते १० मिनिटं वाट बघतात. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० mmHg च्या वर गेला किंवा आधीपेक्षा २० ने वाढला, तरी श्वास आला नाही, तर टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे मेंदूस्तंभ श्वास देत नाही. पांघरूण कमरेपर्यंत खाली घ्या आणि छातीकडे आणि पोटाकडे बघत राहा. जिवंत मेंदूस्तंभ इतका कार्बन डायऑक्साइड सहन करू शकत नाही, तो श्वास ओढायला लावतोच. ही दहा मिनिटं ज्यांनी नीट बघितली, त्यांच्या मनातली शंका बरीचशी तिथेच मिटते. वरचं बीपी ९० च्या खाली गेलं किंवा ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ८५ टक्क्यांच्या खाली उतरलं, तर टेस्ट थांबवायची असते, तेव्हा मॉनिटरवरही नजर हवी.

शंका उरली तर ती बोलून दाखवणं हे तुमचं काम आहे, आगाऊपणा नाही. तपासणीआधी शरीराचं तापमान ३५ च्या वर हवं. झोपेची, भुलीची आणि स्नायू शिथिल करणारी औषधं उतरलेली हवीत. साखर आणि सोडियम फार बिघडलेलं नको. झोपेचं औषध मिडाझोलाम किती वाजता बंद केलं, ते चार्टवर तुम्हीच लिहिलेलं असतं. किडनी बिघडली असेल तर ते औषध शरीरात जास्त वेळ राहतं. वेळ लिहिली नसेल, तर "सर, हे कधी बंद झालं ते चार्टवर नाही" असं तपासणीच्या आधी सांगा, नंतर नाही.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे ही तपासणी दोनदा होते, मध्ये किमान सहा तास. चार डॉक्टर फॉर्म १० वर सह्या करतात: हॉस्पिटलचे प्रमुख, मान्यताप्राप्त यादीतले एक तज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन, आणि पेशंटवर उपचार करणारे डॉक्टर. न्यूरोचे डॉक्टर उपलब्ध नसतील तर यादीतले फिजिशियन, सर्जन, भूलतज्ज्ञ किंवा इंटेन्सिव्हिस्ट चालतात. प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधलं कोणीही यात नसतं. ही भिंत मुद्दाम घातलेली आहे, आणि अवयवदानावरचा लोकांचा विश्वास तिच्यावरच उभा आहे.

दोन गोष्टी अनुभवी स्टाफलाही चकवतात. एक, पायाची बोटं मुडपणं, गुडघा आकसणं, क्वचित हात छातीवर येणं. हे पाठीच्या कण्यातून येतं, मेंदूतून नाही. नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुलगा "बाबांनी हात हलवला" म्हणत धावत येईल आणि त्यानंतर तुमच्या कुठल्याच शब्दावर त्याचा विश्वास बसणार नाही. दुसरी, व्हेंटिलेटरवर लावलेल्या रेटपेक्षा जास्त श्वास दिसणं. ट्रिगर, म्हणजे पेशंटचा श्वास ओळखणारी मशीनची सेटिंग, फार हलका ठेवला असेल तर हृदयाच्या ठोक्याच्या धक्क्याने किंवा सर्किटमधल्या पाण्यानेही मशीन श्वास देतं. सर्किटमधलं पाणी काढा, डॉक्टरांना बोलावून ट्रिगर तपासून घ्या. तरीही शंका राहिली तर पुढचं काही होण्याआधी ती सुटलीच पाहिजे.

नातेवाइकांपाशी कोणते शब्द

"ब्रेन डेड झालेत" याचा अर्थ घरच्यांना "मेंदू गेलाय, बाकी माणूस आहे" असा लागतो. "मशीनवर जगवून ठेवलंय", "मशीन काढलं की जातील" ही वाक्यं तर उघड चुकीची आहेत. त्यातून घरच्यांना वाटतं की मारायचा निर्णय आपल्याला घ्यायचा आहे. डॉक्टरांनी सांगितल्यावर तुम्ही तेच साध्या मराठीत म्हणा: "काका, ते गेले आहेत. छाती हलतेय ती मशीनच्या हवेमुळे." मग गप्प राहा. पाणी द्या, बसायला खुर्ची द्या. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीला केस सोपवतानाही हेच शब्द वापरा. खाटेपाशी "पेशंट स्टेबल आहे" म्हणालात, तर बाजूला उभी असलेली मुलगी तेच घरी फोन करून सांगणार.

कूस बदलताना पेशंटशी बोलायची सवय चांगली आहे, पण मृत्यू जाहीर झाल्यावर नातेवाइकांसमोर "दादा, आता जरा वळवते हां" म्हटलं की त्यांना आशा वाटते. तेव्हा तेच त्यांना सांगा: "मी त्यांना वळवतेय, पाठ पुसून घेते." आदर तेवढाच राहतो, गैरसमज टळतो.

मृत्यूची बातमी आणि अवयवदानाची विचारणा या दोन वेगळ्या भेटी असतात. पहिली डॉक्टरांची, दुसरी प्रत्यारोपण समन्वयकाची, आणि मधे घरच्यांना रडायला वेळ. दुसरी तपासणी व्हायच्या आधी नर्सने हा विषय काढू नये. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पॅसेजमधल्या ओझरत्या वाक्याने: "तरुण आहे, चार जणांना उपयोग होईल." घरचे ते ऐकतात आणि त्यांना वाटतं की अवयवांसाठी उपचारात ढिलाई झाली. मग समन्वयकाने दोन तास समजावलं तरी उपयोग नाही. वॉर्डात काम करणाऱ्या मामा-मावशींनाही हे सांगून ठेवा, त्यांच्या बोलण्याला नातेवाईक फार मान देतात.

घरच्यांनीच आपणहून विचारलं, तर उडवून लावू नका. "तुमच्या मनात हे आलं, मी लगेच समन्वयकांना बोलावते, ते सगळं नीट सांगतील" एवढं पुरे. तुमचं हॉस्पिटल प्रत्यारोपण करत नसलं तरी मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या झेडटीसीसीला (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राला) कळवून दान होऊ शकतं. तो नंबर ड्युटी रूमच्या भिंतीवर लावलेला असू द्या.

जे प्रश्न हमखास येतात, त्यांची खरी उत्तरं तयार ठेवा. शरीर विद्रूप होतं का? नाही, ऑपरेशनसारखे टाके घालून शरीर परत मिळतं. पुढच्या जन्मी डोळे नसतील? इथे वाद घालू नका, त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना किंवा गुरुजींना फोन करायला वेळ द्या. किती वेळ लागेल? कमी करून सांगू नका. बारा तास सहज लागतात, कधी चोवीसही. अपघाताची केस असेल तर पोलिसांना कळवणं, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमही त्यात येतं. खर्च? संमतीनंतर शरीराची देखभाल आणि अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या घरच्यांकडून घ्यायचा नसतो, हे नियमातच आहे. पण आधीचं बिल माफ होईल, पैसे मिळतील, असं काहीही बोलू नका. तो सौदा होतो आणि कायद्याने गुन्हा आहे. अवयव कोणाला मिळाला ते नाव तुम्हाला कळलं तरी सांगायचं नाही.

कोणाची संमती? संमतीचा फॉर्म ८ जवळचा नातेवाईक भरतो: नवरा-बायको, मुलं, आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं. दात्याने हयातीत अवयवदानाचं कार्ड भरलेलं असलं तरी घरच्यांशी बोलणं होतंच. बायको हो म्हणते आणि भाऊ नाही म्हणतो, अशा वेळी घाईने सही उरकू नका. समन्वयकाला सांगा की घरात एकमत नाही.

आणि नकार आला तर? चेहऱ्यावर नापसंती दिसू देऊ नका. "चार जीव वाचले असते हो" हे वाक्य त्यांच्या मनात आयुष्यभर सलतं. मेंदूस्तंभ मृत्यूची व्याख्या आपल्याकडे प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे. दानाला नकार दिल्यावर व्हेंटिलेटरचं काय करायचं, हे त्यामुळे डॉक्टरांनी घरच्यांशी बोलून ठरवायचं असतं. नर्सने स्वतःहून सेटिंग कमी करू नये, इनोट्रोप (हृदयाला आणि बीपीला आधार देणारं औषध) बंद करू नये. तोंडाची, पाठीची काळजी आधीसारखीच चालू.

मन तयार नसेल तर

काहींना हे पटत नाही, आणि ते लपवून ड्युटी करण्यात तुमचं आणि घरच्यांचं, दोघांचंही नुकसान आहे. ड्युटी सुरू होतानाच इनचार्ज सिस्टरला सांगा: "ही केस मला जमणार नाही, बदली द्या." रात्री दोन वाजता, संमती झाल्यावर सांगितलंत तर दुसरं कोणी मिळणार नाही. बदली मिळेपर्यंत काळजी पूर्ण घ्यायची. काम हळू करणं किंवा स्वतःचं मत घरच्यांच्या कानावर घालणं, हे मात्र कुठल्याच नीतीत बसत नाही. उलट बाजूनेही तेच: दानाबद्दल फार उत्साह असेल, तर तोही खाटेपासून लांब ठेवा.

संमतीनंतर

आता उपचाराची दिशा बदलते, मेहनत वाढते. लक्षात ठेवायला सोपा हिशेब शंभरचा: वरचं बीपी १०० च्या वर, लघवी तासाला १०० मिलीच्या आसपास, रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब (PaO2) १०० mmHg च्या वर, हिमोग्लोबिन लिटरला १०० ग्रॅम म्हणजे आपलं १०. तापमान ३६ ते ३७.५, शरीर स्वतः ऊब धरू शकत नाही, म्हणून सलाईन कोमट करा, वॉर्मर लावा. टायडल व्हॉल्यूम, म्हणजे दर श्वासाला जाणारी हवा, अपेक्षित वजनाच्या किलोला ६ ते ८ मिली, डोकं ३० अंश वर, सक्शन चालूच.

लघवीकडे तासातासाने बघा. पाण्यासारखी पांढरी लघवी तासाला किलोमागे ४ मिलीपेक्षा जास्त होऊ लागली आणि सोडियम १४५ च्या वर चढलं, तर डायबेटिस इन्सिपिडस आहे. मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन, म्हणजे लघवीतून जाणारं पाणी रोखणारं संप्रेरक, येणं थांबल्यामुळे हे होतं. पिशवी भरेपर्यंत थांबलात तर सोडियम १५५ पार जातं आणि यकृताला धोका होतो. डॉक्टर व्हॅसोप्रेसिन किंवा डेस्मोप्रेसिन सुरू करतील. तुम्ही दर तासाचा आकडा लिहून फोन करा, अंदाज नको. नाडी मंदावली तर ॲट्रोपिन चालत नाही, कारण ते नाडी मंदावणाऱ्या ज्या वेगस नसेचा परिणाम रोखतं, तिचं मेंदूस्तंभातलं केंद्रच संपलेलं असतं. ट्रॉलीवर ॲड्रेनलिन तयार हवं. डोळ्यांत मलम घालून पापण्या मिटवून ठेवा, बुबुळं कोरडी पडली तर नेत्रदान वाया जातं.

थिएटरला नेण्याआधी घरच्यांना आत येऊ द्या. गंगाजल, तुळशीचं पान आणतील. तोंडात ट्यूब आहे, चमच्याने पाणी घालू देऊ नका. कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करा, पान ओठांवर ठेवा. कुंकू लावू द्या. ट्यूब बांधलेली पट्टी आधी बदलून घ्या, रक्त लागलेली पट्टी शेवटची आठवण व्हायला नको.

मृत्यूची वेळ दुसऱ्या तपासणीची लिहायची, थिएटरमध्ये हृदय थांबल्याची नाही. केसपेपर आणि प्रमाणपत्रात ती जुळते का बघा. शरीर परत आल्यावर नळ्या काढून, टाक्यांवर स्वच्छ ड्रेसिंग करून, केस विंचरून चादर घाला. मंगळसूत्र, जोडवी, ताईत, मनगटातला लाल धागा, जे काही काढून ठेवलं होतं ते एकेक मोजून, यादीवर सही घेऊन घरच्यांच्या हातात द्या.