गॅसिफायरच्या लाकडाची आगोटीआधीची बेगमी

गॅसिफायर (लाकूड अर्धवट जाळून इंजिनासाठी गॅस बनवणारी भट्टी) धूर ओकतो, इंजिन गचके खातं, म्हणून लोक नोझल (भट्टीत हवा सोडणारी तोटी) बदलतात, फिल्टरवर फिल्टर चढवतात. आधी लाकूड बघा. कोकणात तर ते मे महिन्यातच तयार होऊन झाकणाखाली गेलेलं असायला हवं. पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट असते की पडवीत ठेवलेलं सुकं लाकूडही हवेतून पाणी ओढतं आणि 18 ते 20 टक्के ओलाव्यावर जाऊन थांबतं. जनरेटर किंवा पंपाला जोडलेल्या डाउनड्राफ्ट (गॅस कोळशातून खाली ओढणाऱ्या) गॅसिफायरला 20 टक्क्यांच्या वरचं लाकूड चालत नाही. 10 ते 15 टक्के असेल तर उत्तम.

किती लागेल? एका युनिट विजेला साधारण सव्वा ते दीड किलो सुकं लाकूड धरा. रोज दोन युनिटं हवी असतील तर दिवसाला 3 किलो, म्हणजे जून ते सप्टेंबरच्या 122 दिवसांना 366 किलो. एवढं सुकं मिळायला ओलं लाकूड 600 किलोच्या आसपास तोडावं लागतं. 200 लिटरच्या ड्रममध्ये 50 ते 70 किलो तुकडे मावतात, तेव्हा घट्ट झाकणाचे सहा-सात ड्रम आताच जमवायला घ्या.

कुठलं लाकूड? सुरू, ऐन, ऑस्ट्रेलियन बाभूळ ही जड लाकडं पहिली पसंती. त्यांचा कोळसा टणक होतो आणि आत भुगा होत नाही. आंबा चालतो, फक्त तो नीट वाळवा. कुंपणाला लावलेलं गिरिपुष्प (उंदीरमारी) फार उपयोगी: छाटलं की पुन्हा फुटतं, झाड मारावं लागत नाही. कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडल्यावर पाला राबाला (भाताच्या रोपांची जमीन भाजायला) जातो, त्यातल्या जाड फांद्या बाजूला काढून ठेवा. पांगारा, सावर टाळा. वादळात पडलेल्या माडाचं खोड घेणार असाल तर फक्त बाहेरचा कठीण भाग घ्या. आतला गाभा स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो.

करवंटी उत्तम इंधन आहे, पण अख्ख्या वाट्या एकात एक बसतात आणि हॉपरमध्ये (वरून लाकूड भरायच्या टाकीत) अडकतात. 2-3 सेंटिमीटरचे तुकडे करूनच लाकडात मिसळा. नारळाची सोडणं मात्र घालू नका. ती खाली सरकत नाहीत, आणि त्यांच्या राखेत पोटॅशियम भरपूर असल्याने राख वितळून जाळीवर दगडासारखी थापली जाते. काजूच्या कारखान्यातली टरफलं स्वस्त मिळतात म्हणून मोह होतो. त्यातलं दाहक तेल वाफ होऊन टारच्या (डांबरासारख्या चिकट पदार्थाच्या) रूपात थेट इंजिनपर्यंत जातं. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेलं लाकूड आणि रंगवलेल्या होड्यांच्या फळ्याही नकोत: मिठातला क्लोरीन पत्रा खातो. तिवरं (खारफुटी) तोडायला तर बंदीच आहे.

तुकडे ओले असतानाच करा. ओलं लाकूड करवतीला सोपं जातं. शिवाय पाणी बाहेर पडतं ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून, त्यामुळे आखूड तुकडा लांब ओंडक्याच्या कितीतरी आधी सुकतो. अशा गॅसिफायरला 1×0.5×0.5 ते 8×4×4 सेंटिमीटर तुकडे चालतात, पण घरगुती लहान यंत्रासाठी 2 ते 4 सेंटिमीटरवर राहा आणि सगळे शक्यतो एका मापाचे ठेवा. बारीक फांद्यांची मोळी घट्ट बांधून चॉपसॉवर किंवा करवतीने 3-3 सेंटिमीटरवर कापा. जाड ओंडक्याच्या आधी 3 सेंटिमीटरच्या चकत्या पाडा, मग कोयत्याने फोडा. एवढ्या आखूड चकतीला रेषेत फुटायला एक घाव पुरतो.

लांब काडी किंवा दुबेळका एखादाच राहिला तरी हॉपरमध्ये आडवा बसतो. त्याच्यावर लाकूड अडतं, खाली पोकळी होते, कोळसा जळून संपतो आणि मग वरचा ढीग एकदम कोसळून कच्चा धूर इंजिनात जातो. भुसा आणि साल याच्या उलट खोड करतात: हवेची वाट बुजवतात. म्हणून सगळे तुकडे 10-12 मिलिमीटरच्या जाळीच्या चाळणीतून काढा. खाली पडलेलं चुलीला वापरा.

वाळवण. खळ्यात किंवा स्लॅबवर 6-7 सेंटिमीटरचा थर द्या, रोज उलथा, दव पडण्याआधी ताडपत्री घाला आणि सकाळी दव उतरल्यावर काढा. एप्रिल-मेच्या उन्हात दोन ते तीन आठवडे पुरतात. भरलेली एक टोपली खूण करून ठेवा आणि दर दोन दिवसांनी तीच तोला. वजन घटायचं थांबलं की त्या हवेत लाकूड जेवढं सुकायचं तेवढं सुकलं. खात्रीसाठी 200 ग्रॅम तुकड्यांच्या बारीक कांड्या करा आणि ओव्हनमध्ये 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. 172 ग्रॅम उरले तर 28 ग्रॅम पाणी होतं, म्हणजे ओलावा 14 टक्के. मॉइश्चर मीटर असेल तर तुकडा फोडून आतल्या बाजूला टोचा. बहुतेक मीटर टक्केवारी कोरड्या वजनावर दाखवतात. मीटरवरचे 20 म्हणजे या हिशोबाचे 17 होतात.

भरणी. वळवाचा पाऊस येण्याआधीच, दुपारच्या उन्हात तापलेले तुकडे ड्रममध्ये भरा, झाकण घट्ट लावा आणि ड्रम विटांवर ठेवा. खताच्या गोणी वापरायच्या तर आत जाड प्लास्टिकची पिशवी हवीच. नुसत्या गोणीत जुलैपर्यंत बुरशी धरते. एका वेळी एकच ड्रम उघडा.

पहिल्यांदा पेटवताना नोझलच्या वरपर्यंत 1 ते 3 सेंटिमीटरचा लोणारी कोळसा भरा. कोळशाच्या या तापलेल्या थरातच टार फुटून जळाऊ गॅस होतो. लाकूड ओलं असेल तर पाणी उकळण्यात उष्णता जाते, थर थंड पडतो, टार तसाच सुटतो आणि इंजिनचा इनटेक व्हॉल्व्ह चिकटतो. गॅसच्या नळीतून दाट पांढरी वाफ येत राहिली, ज्योत टिकली नाही, तर इंजिन जोडू नका. या गॅसमध्ये जवळपास पाचवा भाग कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. यंत्र घरात, पडवीत किंवा बंद मांगरात कधीच चालवू नका. हॉपर उघडताना तोंड बाजूला ठेवा.

ऑगस्टमध्ये उघडलेला ड्रम दमट झालाच, तर दुसऱ्या दिवशीचे 3 किलो तुकडे तारेच्या टोपलीत घालून चुलीवरच्या माचावर आदल्या रात्री टांगा, ज्वाळा पोचणार नाही एवढ्या उंचीवर.