जुनं लिस्टर छापाचं इंजिन चालू करताना या चुका टाळा

शेतात वीज पोहोचण्याआधी विहिरीवर, पिठाच्या गिरणीत आणि गुऱ्हाळात ज्या इंजिनांची पुकपुक चालायची, त्यात हा छाप ओळखीचा: उभं, एकच सिलिंडर, दोन्ही बाजूंना जडशीळ चाकं, म्हणजे फ्लायव्हील. मूळ इंग्लंडमधल्या डर्स्लीच्या लिस्टर कंपनीचं, पुढे राजकोटला त्याच्या ढीगभर नकला ओतल्या गेल्या. ६/१ म्हणजे ६ हॉर्सपॉवर, १ सिलिंडर. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ११४.३ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १३९.७ मिमी, फेरे मिनिटाला ६५०. मुद्दाम म्हटलं तरी लवकर बिघडणार नाही असं हे यंत्र. त्याची खरी नासधूस होते ती भंगारातून घरी आणल्यावर, एकदा चालू करून बघण्याच्या घाईत.

आऱ्यांत पहार घालून जोर लावणे

पिस्टन जाम असला की पहिला हात पहारेकडे जातो. फ्लायव्हील बीडाचं असतं; बीड वाकत नाही, थेट तडकतं, आणि तडा रंगाखाली दिसतही नाही. त्याऐवजी हेड उतरवा, सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑईल निम्मं-निम्मं ओता आणि आठवडाभर तसंच राहू द्या. रोज पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोका. आधी लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) वरच्या भागातला गंज पॉलिश पेपरने काढा, नाहीतर सुटलेला पिस्टन वर येताना रिंगा मोडतील. ठोकताना पिस्टन खालच्या टोकाला असेल तर थांबा, पुढचे घाव क्रँक आणि बेरिंगवर बसतात.

डिझेल पंपाचा रॅक न तपासणे

सगळ्यात धोक्याची चूक ही. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या डिझेलचा डिंक होतो आणि पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, आहे तिथेच चिकटतो. तो भरपूर डिझेल देण्याच्या जागी चिकटला असेल तर वेग आवरणारा गव्हर्नर ओढून ओढून दमतो आणि इंजिन पळत सुटतं. फेरे दुप्पट झाले की फ्लायव्हीलवरचा ताण चौपट होतो.

गव्हर्नरची कडी सुटी करा आणि रॅक बोटाने पुढेमागे सरकवा. कुठेही अडखळता कामा नये. अडखळला तर पक्कड लावू नका. पंप काढून घासलेटमध्ये भिजत घाला. उघडावाच लागला तर प्लंजर आणि त्याचा बॅरल ही जोडी एकमेकांना घासून बसवलेली असते, दुसऱ्या पंपाचा प्लंजर यात चालत नाही. पहिल्यांदा चालू करताना एअर फिल्टर काढून ठेवा आणि हवेचं तोंड झाकेल एवढी सपाट फळी हाताशी असू द्या. फडकं नको, ते आत ओढलं जातं.

हवा अर्धवट काढणे

डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा काढायची ती टाकी ते फिल्टर, फिल्टर ते पंप, मग इंजेक्टरकडचा नट, याच क्रमाने. प्रत्येक ठिकाणी बुडबुडे थांबून अखंड धार आली की घट्ट करा. नंतर डीकॉम्प्रेशनवर (व्हॉल्व्ह उघडा धरून, सिलिंडरमधला दाब सोडून) हँडल फिरवताना नोझलमधून ‘कर्र’ असा आवाज यायला हवा. आला नाही तर हवा उरली आहे, किंवा नोझलची सुई चिकटली आहे. नोझल बाहेर काढून फवारा बघणार असाल तर समोर हात धरू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं.

टायमिंग अंदाजाने लावणे

६/१ मध्ये डिझेल सुटतं ते पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधी २० अंशांवर. फ्लायव्हीलवर अंश कसे मोजायचे? परिघाला टेप लावा आणि आलेल्या मापाला १८ ने भागा, तेच २० अंश. साधारण ५९७ मिमी व्यासाच्या चाकावर हे अंतर १०४ मिमीच्या आसपास येतं. वरचं टोक नजरेने ठरवू नका, कारण तिथे पिस्टन बराच वेळ हललेला दिसत नाही. दोन्ही बाजूंनी फिरवून पिस्टन एकाच अडसराला टेकवा, चाकावर दोन खुणा करा, त्यांचा मध्य घ्या.

व्हॉल्व्हची फट थंड इंजिनवर ०.०१७ इंच, म्हणजे ०.४३ मिमी. पॅकिंग बदललं असेल तर पिस्टन आणि हेडमधलं अंतरही बदललेलं असतं. सोल्डरच्या तारेचे दोन तुकडे पिस्टन पिनच्या रेषेत, दोन बाजूंना ठेवा, हेड कसा, एक फेरा द्या आणि चेपलेली तार मोजा. फरक काढायचा तो सिलिंडरखालच्या शिमने, म्हणजे पातळ पत्र्याने.

विहिरीचं गार पाणी थेट फिरवणे

विहिरीवरच्या पंपाचं पाणी सिलिंडरभोवतीच्या जॅकेटमधून सोडण्याची आपल्याकडे जुनी सवय. त्याने इंजिन कधी तापतच नाही, डिझेल अर्धवट जळतं, तेल काळं पडून मळी होते आणि लायनर झिजतो. त्याऐवजी पाण्याची टाकी लावली तर वरच्या नळीचं टाकीतलं तोंड कायम पाण्याखाली हवं. पातळी त्याखाली गेली की गरम पाण्याचं फिरणं बंद. जॅकेटमधल्या क्षारासाठी कोमट पाण्यात लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड काही तास पुरतं, नंतर सोड्याच्या पाण्याने धुवा. संडास धुवायचं ॲसिड बीडच खातं.

नकलेच्या इंजिनात क्रँककेस (क्रँक आणि तेल असलेला खालचा पेटारा) उघडल्याशिवाय तेल भरू नका. ओतकामाची वाळू कोपऱ्यांत सापडते, आणि तेल उडवणारा डिपर ती सरळ बेरिंगवर नेतो.

शाफ्टपाशी तेल गळतं म्हणून लोक सील बदलत बसतात, आणि दोष निघतो क्रँककेसच्या दारावरच्या ब्रीदरमध्ये, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेत. त्याची पातळ पट्टी चिकटली की आतला दाब तेल बाहेर ढकलतो. ठोका येतो म्हणून बेरिंगला हात घालण्याआधी फ्लायव्हीलची चावी, म्हणजे चाक शाफ्टवर पक्कं धरणारी पाचर, बघा. सैल चावीचा ठोका अगदी बिग एंडसारखा (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेरिंगसारखा) वाजतो.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मूठ आवळून धरू नका. वेग मोजायला यंत्र लागत नाही: दर दोन फेऱ्यांना एक ठोका, म्हणजे ६५० फेऱ्यांवर १० सेकंदांत ५४. मोबाईलवर चित्रीकरण करून सावकाश मोजा.

रंग सगळ्यात शेवटी. पितळी पाटीवर वायर ब्रश किंवा ग्राइंडर नको. तिच्यावरचा नंबर गेला की सुटे भाग मागवताना कोणत्या नमुन्याचे मागवायचे ते कळत नाही. साबणाचं पाणी आणि जुना दातांचा ब्रश पुरे.