जँगो शिकताना कुठे अडतं, आणि तिथे काय करायचं

जँगो म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क (तयार सांगाडा). त्याची अधिकृत माहिती भरपूर आहे. पण कोड कोणत्या फायलीत, कोणत्या फोल्डरात, कोणत्या व्हर्जनसाठी, हे नवशिक्याला कळेलच असं लिहिणारे धरून चालतात. सोलापुरात चाटी गल्लीतल्या एखाद्या दुकानासाठी चादरींची यादी दाखवणारं पान करायला घ्या, सगळ्या अडचणी ओळीने भेटतील.

सगळ्यात आधी व्हर्जन. ‘पायथन -एम जँगो --व्हर्जन’ चालवा आणि माहितीच्या पानावर खाली उजवीकडे तेच व्हर्जन निवडा. क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये पानांचे पत्ते ठरवणारं ‘यूआरएल()’ दिसलं तर त्या बाजूला ठेवा. ते ४.० मध्ये काढून टाकलंय, २.० पासून ‘पाथ()’ आहे. ‘फॉरिन-की’ला (एक टेबल दुसऱ्याशी जोडणाऱ्या रकान्याला) ‘ऑन_डिलीट’ नसेल तरी नोट्स जुन्याच समजा.

‘चादर’ नावाचं ॲप (जँगोत प्रोजेक्टचा एक भाग) केलं की त्याचं नाव लगेच सेटिंग्जमधल्या ‘इन्स्टॉल्ड_ॲप्स’मध्ये घाला. विसरलात तर डेटाबेसमधले बदल टिपणारी ‘मेकमायग्रेशन्स’ कमांड शांतपणे ‘नो चेंजेस डिटेक्टेड’ म्हणते, आणि माणूस मॉडेलमध्ये (टेबल कसं असावं ते सांगणाऱ्या कोडमध्ये) चूक शोधत बसतो. ही कमांड फक्त फाइल लिहिते. टेबल तयार होतं ते नंतरच्या ‘मायग्रेट’ने.

खरा घोळ टेम्प्लेटचा, म्हणजे पानाच्या एचटीएमएल साच्याचा. फाइल ठेवायची चादर/टेम्प्लेट्स/चादर/यादी.एचटीएमएल अशी (नावं अर्थात रोमन लिपीत). ‘चादर’ दोनदा कशाला? जँगो सगळ्या ॲप्सची टेम्प्लेट्स फोल्डरं क्रमाने चाळतो आणि पहिली जुळणारी फाइल उचलतो. दोन ॲप्समध्ये यादी.एचटीएमएल असेल तर भलतंच पान उघडेल.

तरीही ‘टेम्प्लेट डझ नॉट एक्झिस्ट’ आलं तर घाबरून पान बंद करू नका. त्याच पानावर ‘पोस्टमॉर्टेम’खाली जँगोने कुठे कुठे शोधलं ते सगळे पत्ते असतात. तुमच्या ॲपचा पत्ता नसेल तर ‘इन्स्टॉल्ड_ॲप्स’मधली नोंदणी राहिलीय, किंवा टेम्प्लेट्स फोल्डर नुकतंच केलंय आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा राहिलाय. पत्ता असूनही फाइल सापडत नसेल तर स्पेलिंग बघा. नोटपॅड गुपचूप .टीएक्सटी जोडतं आणि विंडोज ते लपवतं, तेही तपासा.

फॉर्म पाठवताना ४०३ (परवानगी नाही) असा एरर आला तर फॉर्मच्या आत सीएसआरएफ टोकन टाका; फॉर्म तुमच्याच साइटवरून आलाय याची ती खूण.

शेवटी सेटिंग्जमध्ये ‘डीबग’ (चुका सविस्तर दाखवणारी सोय) फॉल्स केलंत की ‘अलाउड_होस्ट्स’ (साइटच्या चालणाऱ्या पत्त्यांची यादी) भरल्याशिवाय रनसर्व्हर, म्हणजे जँगोचा सरावाचा सर्व्हर, सुरूच होत नाही. ते भरल्यावर पान उघडतं, पण सीएसएस गायब. डीबग बंद असताना रनसर्व्हर स्टॅटिक फायली (सीएसएस, चित्रं वगैरे) देत नाही. ‘स्टॅटिक_रूट’मध्ये एक फोल्डर ठरवून त्यात त्या फायली गोळा करणारी ‘कलेक्टस्टॅटिक’ कमांड चालवा आणि ते फोल्डर एनजिनएक्ससारख्या वेब सर्व्हरकडे सोपवा.