पदवीच्या पहिल्या वर्षातील मुख्य विषयाबाहेरचे विषय कसे निवडावेत

बारावीनंतर शाखा कोणती आणि मुख्य विषय कोणता, यावर सातारा-सांगलीकडच्या घरांत बरीच चर्चा होते. मामा, काका, क्लासचे सर असे सगळे त्यात भाग घेतात. त्याच प्रवेश अर्जातील खुले वैकल्पिक विषय आणि कौशल्य विषय मात्र अनेकदा खिडकीसमोरच्या रांगेत, शेजारच्याचा अर्ज पाहून भरले जातात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार तयार झालेली रचना राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाली. तिच्यात प्रत्येक सत्राला साधारण 20 ते 22 श्रेयांक (क्रेडिट) असतात आणि त्यांतला बराच वाटा मुख्य विषयाबाहेरचा असतो. तेथे मिळालेले गुण आणि तेथे दिलेला वेळ दोन्ही हिशेबात धरले जातात, त्यामुळे ही निवड प्रवेशाच्या आधीच विचारपूर्वक करणे इष्ट आहे.

निवडीला खरा वाव कोठे आहे, हे आधी ठरवावे. भाषेचा क्षमतावर्धन अभ्यासक्रम, पर्यावरण किंवा संविधान यांसारखा मूल्यशिक्षणाचा विषय आणि भारतीय ज्ञान प्रणाली हे बहुतेक ठिकाणी जवळजवळ ठरलेलेच असतात, त्यामुळे त्यांवर डोकेफोड करण्याचे कारण नाही. खुला वैकल्पिक विषय, म्हणजे ज्याला सगळे ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हणतात तो, आणि काही प्रमाणात कौशल्यवर्धन अभ्यासक्रम हे मात्र विद्यार्थ्याच्या हातात असतात. खुला वैकल्पिक विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचा असावा लागतो आणि बारावीला शिकलेलाच विषय पुन्हा घेऊ नये, अशी अपेक्षा असते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला वाणिज्याचे आणि कलेच्या विद्यार्थिनीला विज्ञानाचे दार उघडणारी एवढी एकच जागा पदवीत आहे, असे माझे मत आहे.

अभ्यासक्रम कोणाचा आहे, हे यानंतर पाहावे. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील बहुतेक महाविद्यालये 1962 साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे त्यांचे अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतात. साताऱ्यातील छत्रपती शिवाजी महाविद्यालय, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय ही कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ या समूह विद्यापीठात, म्हणजे काही महाविद्यालये एकत्र करून केलेल्या विद्यापीठात, आली आहेत, तर स्वायत्त महाविद्यालयांचे अभ्यासक्रम त्यांच्या स्वतःच्या अभ्यास मंडळांनी केलेले असतात. एकाच नावाचा विषय दोन ठिकाणी निराळा असू शकतो, म्हणून कराडच्या मित्राने सांगितलेली माहिती मिरजेच्या विद्यार्थ्याने तशीच धरून चालू नये.

अभ्यासक्रमाची प्रत हाती आली की केवळ शीर्षकावर न थांबता घटक वाचावेत. एक श्रेयांक म्हणजे व्याख्यानाचे 15 तास किंवा प्रात्यक्षिकाचे 30 तास, म्हणजे 2 श्रेयांकांचा तात्त्विक विषय एकूण 30 तासांचा होतो. ‘आपत्ती व्यवस्थापन’ या शीर्षकाखाली 30 तासांत केवळ व्याख्या आणि वर्गीकरण असेल, तर सांगलीच्या विद्यार्थ्याला त्यातून फारसे मिळणार नाही, कारण 2005, 2019 आणि 2021 चे कृष्णेचे पूर त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी स्वतः पाहिलेले असतात. त्याच शीर्षकाखाली नकाशावाचन, पावसाच्या आकड्यांचा अभ्यास, धरणातील विसर्गाचे नियोजन आणि एखादी क्षेत्रभेट असेल, तर तो विषय जरूर घ्यावा. अंतर्गत मूल्यमापन किती गुणांचे आहे आणि ते लेखी चाचणीवर, प्रकल्पावर की तोंडी परीक्षेवर आहे, हेही त्याच प्रतीत दिलेले असते.

एवढे झाल्यावर खरा प्रश्न विचारावा: माझ्या मुख्य विषयात कोणती गोष्ट शिकायला मिळणार नाही? रसायनशास्त्र घेतलेल्या तासगावच्या मुलाच्या घरी द्राक्षबाग असेल, तर औषधे, मजुरी, बेदाण्यावरचा खर्च आणि कर्जाचे व्याज यांचा ताळेबंद त्याला कधी ना कधी मांडावाच लागतो. त्याच्यासाठी वाणिज्य शाखेतील लेखाकर्माची तोंडओळख किंवा वैयक्तिक अर्थनियोजन हा विषय तीन वर्षांतील सर्वांत उपयोगी तासांचा ठरू शकतो. इतिहास घेतलेल्या पाटणच्या विद्यार्थिनीला आकड्यांची भीती वाटते म्हणून तिने संख्याशास्त्र टाळण्यापेक्षा, भीती वाटते म्हणूनच प्राथमिक संख्याशास्त्र घ्यावे, कारण 2 श्रेयांकांच्या विषयात ही भीती घालवणे स्वस्तात पडते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी, राज्यसेवा मुख्य परीक्षेचे स्वरूप 2025 पासून वर्णनात्मक झाले आहे, हे ध्यानात घ्यावे. ज्या विषयात दर पंधरवड्याला चार पाने लिहून तपासून मिळतात, तो विषय त्यांना बहुपर्यायी चाचणीच्या सोप्या विषयापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

‘कशात गुण सहज पडतात?’ हा प्रश्न मुले हमखास विचारतात आणि तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. शिष्यवृत्तीसाठी किंवा पुढच्या प्रवेशासाठी गुण लागतात. मात्र सोपा म्हणून घेतलेला आणि कंटाळवाणा निघालेला विषय मुले वर्गात बसून शिकत नाहीत आणि मग त्यातच नापास होऊन एटीकेटी लागते, असे वारंवार घडते. विषय कोण शिकवणार आहे, याची चौकशी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे करावी. अनेक महाविद्यालयांत असे विषय तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांकडे असतात. त्यांतले काही अतिशय मनापासून शिकवतात, पण नेमणूक उशिरा झाली तर सुरुवातीचे आठवडे रिकामे जातात, म्हणून हे आधी विचारलेले बरे.

वेळापत्रक ही किरकोळ बाब समजू नये. सर्व शाखांच्या मुलांना एकत्र बसवायचे असल्यामुळे खुल्या वैकल्पिक विषयांचे तास बरेचदा दिवसाच्या अगदी आरंभी किंवा शेवटी ठेवलेले असतात. जत, आटपाडी किंवा मेढ्याकडून एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली गाडी त्या तासाला पोहोचत नसेल, तर 75 टक्के उपस्थिती कागदावरच राहते. पुरेसे विद्यार्थी न मिळाल्यास विषय सुरूच होत नाही, म्हणून अर्जात दुसरा आणि तिसरा पसंतीक्रमही विचार करूनच भरावा.

मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीच्या दुय्यम विषयाची निवड वेगळी आहे, कारण पदव्युत्तर शिक्षणासाठी तो आधार ठरू शकतो. खुल्या वैकल्पिक विषयाकडून तशी अपेक्षा ठेवू नये. महाविद्यालयात हवा तो विषय नसेल, तर ‘स्वयम्’ या केंद्र शासनाच्या व्यासपीठावरील अभ्यासक्रमाचे श्रेयांक मिळण्याची तरतूद आहे. शिकणे तेथे विनामूल्य असले तरी परीक्षेचे शुल्क भरावे लागते आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. नोंदणीपूर्वी महाविद्यालयाची लेखी मान्यता घ्यावी, नाही तर प्रमाणपत्र मिळेल पण श्रेयांक जमा होणार नाहीत.

विषय बदलण्याची मुदत प्रवेशानंतर थोडेच दिवस असते आणि ती सूचनाफलकावर लागते. या काळात निवडलेल्या विषयाचे पहिले एक-दोन तास बसून पाहावेत, आणि न पटल्यास प्राचार्यांच्या नावे अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन व्यवस्थेतील खाते पहिल्याच महिन्यात उघडावे आणि त्यातील नाव बारावीच्या गुणपत्रकाप्रमाणेच आहे ना, हे पाहावे. पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर प्रत्येक विषयाचे श्रेयांक त्या खात्यात उतरले आहेत का, हे तपासावे आणि एखादा विषय दिसत नसेल तर गुणपत्रकाची प्रत जोडून परीक्षा विभागाकडे त्याच सत्रात अर्ज करावा.